बोर्ड लावलात, आता भिंतीचं पण बघा: नदीकाठच्या पायवाटांसाठी खुलं पत्र

प्रति,
महसूल, वन आणि पोलीस खात्यातले ते सगळे साहेब ज्यांच्या सहीने दर पावसाळ्यात आमच्या वाटा बंद होतात,
आणि गावच्या ग्रामपंचायतीचे सरपंच, सदस्य

नमस्कार साहेब,

मी भांडुपला राहतो, नोकरी फोर्टात, आणि माझ्या आईचं माहेर कर्जतच्या पुढे पेज नदीच्या काठावर आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की कोणीतरी त्याचं रील करणार आणि पुढच्या रविवारी पुलावर गाड्यांची रांग लागणार. ज्यांना हे पत्र आहे त्यांना गाव कुठलं ते बरोबर कळेल, बाकीच्यांनी आपापल्या ओळखीचं गाव तिथे ठेवून वाचलं तरी चालेल, कारण नेरळपासून खांडसपर्यंत थोड्याफार फरकाने हेच चाललंय.

तर यंदा पाऊस सुरू झाल्या झाल्या पुलाच्या तोंडाशी मोठा फ्लेक्स लागला. नदी, बंधारा, धबधबे आणि डोंगर, या सगळ्याच्या एक किलोमीटर परिसरात पर्यटकांना मनाई, उल्लंघन केल्यास कारवाई वगैरे. पूर्वी कलम १४४ असायचं, जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात ते १६३ झालं, मजकूर तोच. आता आमचं गाव म्हणजे पुढे नदी आणि मागे डोंगर, मध्ये जी जागा उरते त्यात घरं, शाळा, रेशनचं दुकान आणि मारुतीचं देऊळ. नदीपासून एक किलोमीटर आणि डोंगरापासून एक किलोमीटर मोजलं तर मारुतीसुद्धा मनाई क्षेत्रात येतो. हा हिशोब कोणी केलाच नसणार, कारण हा आदेश गावात येऊन लिहिलेला वाटतच नाही, मागच्या वर्षीचा काढून तारीख बदलली असावी असं तो वाचून कोणालाही वाटेल.

आधी एक स्पष्ट करतो म्हणजे पुढे गैरसमज नको. पावसाळ्यात बंदोबस्त नको असं मी म्हणत नाहीये. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय आणि बघितल्यावर रात्री झोप लागली नाही अशी माणसं आमच्या चाळीत पण आहेत. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला, चार जण गेले. पण साहेब, कुंडमळ्याला पूल धोकादायक आहे असा बोर्ड होताच की. बोर्ड होता आणि माणसं पण पुलावर होती. आणि दोन्ही दिवस रविवार होते. म्हणजे धोका कुठे आहे आणि कधी आहे हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त त्या जागी त्या वेळी माणूस उभा करायचा सोडून आपण सगळ्या डोंगराला एकच कुलूप लावतो.

आता माझी पहिली तक्रार. तुमच्या आदेशात धबधब्याखालचा डोह आणि शेताच्या बांधावरची पायवाट यात काही फरकच नाही. आमच्या गावात चालायच्या वाटा मुख्य तीन. एक नदीकाठची, पुलापासून वर बंधाऱ्यापर्यंत, करंजाच्या आणि उंबराच्या सावलीतून जाते, मे महिन्यात पण थंड लागते. दुसरी कालव्याच्या बांधावरची, दोन्ही बाजूला भाताची खाचरं, सपाट, माझी आई गुडघे दुखत असताना पण तिथे तासभर चालते आणि वर बडबड करत चालते. तिसरी डोंगराची, गावामागच्या टेपावरून ठाकरवाडीला जाणारी आणि तिथून पुढे वर. याच रांगेतून कुसूर घाटाने जुन्या काळी कोकणातला माल आंदर मावळात चढायचा, बाजूला भिवगड, त्याच्या डोक्यावर ढाक, सगळ्या मुलखात अशा चढायच्या उतरायच्या वाटा पसरलेल्या आहेत, आणि त्या आम्हा ट्रेकर लोकांनी पाडलेल्या नाहीत, गुरं, बैल, मीठ आणि भात नेणाऱ्या माणसांनी पाडल्यात.

या तिन्ही वाटांवर मिळून खरोखर जिवाला धोका असलेल्या जागा दोन आहेत. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाचं शेवाळलेलं काँक्रीट, आणि वाडीच्या अलीकडचा ओढा जो वर पाऊस झाला की इथे ऊन असताना पण अचानक फुगतो. गावातलं शाळेतलं पोर पण या दोन जागा सांगेल. आदेशात त्या नावानिशी लिहिल्या तर दोन ओळी लागतील. त्याऐवजी माझ्या आईला कालव्याच्या बांधावर फिरायला मनाई, कारण तिचं आधार कार्ड भांडुपचं आहे. गंमत नाही करत, तिला खरंच आधार दाखवायला सांगितलं, पुलावर, पावसात. माहेर आहे म्हणाली तर हवालदार बिचारा म्हणाला मावशी मला वरून ऑर्डर आहे. त्याचं पण बरोबर आहे. म्हणून तर हे पत्र त्याला नाही, वर आहे.

दुसरी तक्रार मनाई सगळ्यांना सारखी नाही ही. पुलावर गाडी थांबते, काच खाली होते, मोबाईलवर रिसॉर्टचं किंवा बंगल्याचं बुकिंग दाखवलं की गाडी आत. त्याच नदीवर, त्याच पाण्यात, रिसॉर्टच्या मागच्या पायऱ्यांनी उतरायला कोणाची हरकत नाही. आणि पहाटेची कर्जत लोकल पकडून, पुढे सहा आसनी रिक्षात दाटीवाटीने बसून आलेली चार पोरं, पाठीवर सॅक, हातात काठी, त्यांना पुलावरून परत. पाणी काय बुकिंग विचारून ओढतं का? मुंबईत ज्याच्याकडे गाडी नाही, बंगल्याचं एका रात्रीचं भाडं ज्याच्या अर्ध्या पगाराएवढं आहे, त्याच्यासाठी सह्याद्री हीच एक गोष्ट फुकट उरलीये, तीही आता दाखवा बुकिंग म्हणून. याचा राग येतो, तो लपवत नाही.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी आणि तिच्यावर तुमचा एकही फ्लेक्स नाही.

नदीकाठची वाट गेल्या काही वर्षांत मधोमध तुटलीये. पुराने नाही, कंपाउंड वॉलने. पनवेल कर्जत लोकलची लाईन होणार म्हणून जमिनीचे भाव कुठच्या कुठे गेले, सेकंड होमच्या जाहिराती आमच्या भांडुप स्टेशनच्या बाहेर पण लागल्यात, नदीकाठचे तुकडे विकले गेले, विकणाऱ्याने विकले घेणाऱ्याने घेतले त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तुकड्यातून जी वाट जात होती ती कोणी विकली? जिथून आजी बाजाराला जायची, पोरं शाळेत जायची, गुरं पाण्यावर उतरायची, तिथे आता आठ फूट उंच भिंत आहे, वर काचा, लोखंडी गेट, गेटवर वॉचमन आणि पाटी, खाजगी मालमत्ता, आत कॅमेरा चालू आहे. भिंतीचं दुसरं टोक थेट नदीच्या पात्रात उतरवलंय, म्हणजे बाजूने वळसा घालावा तर पाण्यातून. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून लोक जातात. पावसाळ्यात कुठून जायचं ते सांगा.

वाडीतल्या बायका जूनमध्ये शेवळं, मग टाकळा, भारंगी, कोरळ असं जे जे उगवेल ते टोपलीत घालून स्टेशनबाहेर विकायला नेतात, मुंबईत तुम्ही आम्ही रानभाजी महोत्सव म्हणून ज्याचे फोटो काढतो तीच भाजी. त्या आता डोक्यावर टोपली घेऊन भिंतीला वळसा घालत शेताडातून चिखल तुडवत डांबरी रस्त्याला लागतात आणि तिथून वाळूच्या डंपरच्या बाजूने चालतात. माझ्या मते आख्ख्या गावात पावसाळ्यात सगळ्यात धोक्याची चाल कुठली असेल तर ती ही आहे, बंधाऱ्यावरची नाही.

मी गाव नकाशाची नक्कल काढली. भूमी अभिलेखमधून मिळते, फी भरून, कोणीही काढू शकतो आणि काढाच. नकाशात पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवतात, गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. आमची नदीकाठची वाट त्या नकाशात पुलापासून बंधाऱ्यापर्यंत आणि बंधाऱ्यापासून वाडीच्या पायथ्यापर्यंत सलग आहे, एक ठिपका पण सुटलेला नाही. म्हणजे कागदावर ती भिंतीच्या आतून जाते, बहुतेक स्विमिंग पूलच्या बाजूने.

मामाने तोंडी सांगून बघितलं, मग अर्ज केला. उत्तर आलं की मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली वाट अडवल्यापासून सहा महिन्यांत यायला हवं होतं. आता सहा महिने मोजायचे कुठून? आधी चार खांब लागतात, मग तार, मग पत्रे, मग एक दिवस भिंत. खांब लागले तेव्हा मालक म्हणाला जाऊ की तुम्हाला, वाट ठेवतो. तार लागली तेव्हा वाकून जायचे. भिंत झाली तेव्हा मुदत संपलेली. कायदा १९०६ चा आहे, तेव्हा खेडेगावात कंपाउंड वॉल नव्हत्या हे समजू शकतो, पण मे २०२५ मध्ये शासनानेच निर्णय काढलाय ना की शेतरस्ते किमान तीन मीटर रुंद द्यायचे आणि त्याची सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद करायची? शेतरस्त्यासाठी एवढं होतं तर नकाशात आधीपासून असलेल्या पायमार्गाची नोंद करायला काय अडचण आहे. ज्याच्या सातबाऱ्यावर वाट लिहिलेली असेल तो प्लॉट विकतानाच घेणाऱ्याला कळेल की आतून लोक जाणार. भांडण तिथेच संपतं.

चौथी गोष्ट नदीची. पेज नदीला मे महिन्यात पण पाणी असतं याचं बाहेरच्यांना फार कौतुक, काही जण तर जिवंत झरे आहेत म्हणून सांगतात. ते पाणी वर भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून येतं, ठोकरवाडी धरणाचं, घाटावरून पाईपने खाली आणून टर्बाईन फिरवून सोडलेलं, १९२२ पासून. (जाता जाता, ते भिवपुरी आणि भिवपुरी रोड स्टेशन वेगळं, दर सीझनला कोणीतरी चुकीच्या ठिकाणी उतरून मला फोन करतं.) वीजघर चालू झालं की नदी चढते, थांबलं की उतरते, आभाळात ढग असो नसो. गावातल्या माणसाला दगड बघून कळतं किती चढलंय. बाहेरच्याला कसं कळणार? म्हणजे नदीचा धोका फक्त पावसाळ्याचा नाहीच, बारा महिन्यांचा आहे, आणि तुमचा फ्लेक्स सप्टेंबरात उतरतो. काठावर एक रंगवलेली पट्टी, पाणी या रेषेच्या वर असेल तर उतरू नये, आणि पाणी वाढायच्या आधी एक भोंगा, यासाठी कुठलं कलम लागत नाही.

पाचवं थोडक्यात. डोंगराच्या वाटेवर सीझनमध्ये माणशी पैसे घेतले जातात, कधी पावती मिळते कधी नाही, पावती मिळाली तरी त्यावर पैसे कशासाठी ते लिहिलेलं नसतं. मी द्यायला तयार आहे, तिप्पट पण देईन, पण त्यातून वाटेवर एक दोरखंड, एक दिशादर्शक, एक कचऱ्याची टाकी तरी दिसू दे. आत्ता वाटेवर फक्त दोन प्रकारचे बोर्ड आहेत, एक प्रवेश बंद आणि दुसरा साहेबांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.

पायवाट म्हणजे शहरी लोकांची हौस असं कोणी म्हणेल, म्हणतात पण. त्यांनी १९ जुलै २०२३ आठवावा. इर्शाळवाडीवर रात्री दरड आली, वाडी डोंगराच्या कुशीत, गाडीचा रस्ता नाही. बचावाला गेलेली सगळी पथकं, डॉक्टर, अग्निशमनवाले, त्याच निसरड्या पायवाटेने अंधारात पावसात चढली, जेसीबी वर जाऊ शकत नव्हता, हेलिकॉप्टर हवेमुळे उडू शकलं नाही. चढताना अग्निशमन दलाचा एक अधिकारी हृदयविकाराने गेला. मदतीला धावलेल्यात ट्रेकिंगवाली पोरं होती, ती इर्शाळगडला जाऊन जाऊन ती वाट पायाखाली घातलेली होती म्हणून. आमच्या ठाकरवाडीला पण गाडीरस्ता नाही, अडलेल्या बाईला आजही झोळीत घालून खाली आणतात, आणि कुठून आणतात, तर भिंतीच्या बाजूने.

आणि हो, वाडीला डांबरी रस्ता नको, वाट तशीच सुंदर राहू दे, असलं काही मी बोलणार नाही. मुंबईत लिफ्टने वर जाणाऱ्याने ते बोलू नये. वाडीला रस्ता हवा असेल तर वन हक्क कायदा २००६ मध्ये ग्रामसभेच्या शिफारशीने त्यासाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन मिळायची तरतूद आहे, तो त्यांचा निर्णय. माझं म्हणणं एवढंच की रस्ता होईल तेव्हा होईल, तोपर्यंत आहे ती वाट तरी अडवू नका.

आमच्या ट्रेकर मंडळींबद्दल पण बोलतो, नाहीतर म्हणाल याला आपल्या लोकांचं काही दिसत नाही. काजव्यांच्या सीझनला एकेका बॅचमध्ये शंभर शंभर माणसं नेणं, डोक्याला टॉर्च लावून काजवे बघणं, वाडीच्या विहिरीवर आंघोळी, स्पीकर, बाटल्या, चिप्सची पाकिटं, हे सगळं होतं आणि ते थांबलं पाहिजे. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्येच आलं, आयोजकांनी नोंदणी करायची, प्रशिक्षित माणसं ठेवायची, त्यात लिहिलंय. ते लावा ना. शंभराची बॅच आणणारा आयोजक टेम्पो ट्रॅव्हलर भरून येतो, त्याला पुलावर पकडणं सोपं आहे. पण तो पकडला जात नाही, तो पहाटे चारला बंदोबस्ताच्या आधीच पार झालेला असतो, आणि नऊ वाजता लोकलने आलेली चार पोरं सापडतात.

तर मागण्या. शिव्या नाहीत, आंदोलनाची धमकी नाही, साध्या मागण्या आहेत.

१. गाव नकाशातले सगळे पायमार्ग जागेवर मोजा, जिथे अडवलेत तिथे मोकळे करा, आणि सातबाऱ्यावर नोंद करा. भिंत पाडायची नसेल तर तिच्यात सव्वाआठ फुटांची जागा सोडायला लावा, गेट नको, कुलूप नको.

२. पात्रात उतरवलेलं भिंतीचं टोक काढा. हे पुढच्या पावसाळ्याआधी.

३. मनाई आदेशात जागांची नावं लिहा, बंधारा, ओढा, अमुक डोह. रेड अलर्टच्या दिवशी सगळंच बंद ठेवा, आमचं काही म्हणणं नाही. बाकीच्या दिवशी कालव्याचा बांध आणि वाडीची वाट उघडी.

४. जिथे बंदी तिथे सगळ्यांना बंदी. रिसॉर्टच्या पायऱ्यांवर पण तोच फ्लेक्स.

५. शनिवार रविवार बंधाऱ्यावर आणि ओढ्यावर माणूस ठेवा, वाडीतलीच पोरं घ्या, प्रशिक्षण द्या, दोर आणि शिट्टी द्या, पगार द्या. पैसे त्या पावत्यांमधून निघतील, आणि पावत्यांचा हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवा.

६. नदीवर पातळीची पट्टी आणि भोंगा, बारा महिने.

यातली एकही गोष्ट कोट्यवधींची नाही. पहिल्या दोन तर जवळपास फुकटच्या आहेत, फक्त कोणाच्या तरी दारात जाऊन वाईटपणा घ्यावा लागेल आणि मला वाटतं गाडी तिथेच अडलीये. ग्रामपंचायतीला तर विशेष विनंती, भिंत बांधताना परवानगी कोणी दिली आणि त्या नकाशात वाट दाखवली होती का, एवढं एक ग्रामसभेत सांगा. नसेल दाखवली तर नसेल म्हणून सांगा.

गणपती झाले की पाऊस जरा ओसरतो, तेव्हा शिवारफेरी लावा. नकाशाची नक्कल माझ्याकडे आहे, मामा आहे, वाडीतले म्हातारे आहेत ज्यांना वाटेवरचा एकेक दगड माहीत आहे, तुम्ही फक्त मोजणीवाला पाठवा, सकाळी सुरू केलं तर जेवायच्या आत पुलापासून वाडीपर्यंत होऊन जाईल. मी रजा टाकून येतो. तारीख पंचायतीच्या फळ्यावर आठवडाभर आधी लावा, आणि रविवारची नको, रविवारी वाडीतल्या बायका स्टेशनवर भाजी घेऊन बसलेल्या असतात आणि त्यांचं म्हणणं सगळ्यात आधी लिहून घ्यायला पाहिजे.

कळावे,
गावचा एक भाचा
भांडुप, मुंबई